त्यांचं वयात येणं आणि आमचं भानावर येणं

मराठीत 'वाढत्या वयाच्या कादंबऱ्या' हा विषय निघाला की एक ठरलेली यादी पुढे येते. साने गुरुजींची 'श्यामची आई', नेमाडेंची 'कोसला', मिलिंद बोकीलांची 'शाळा', आणि प्रकाश नारायण संतांचा लंपन. यादी संपते. या यादीत 'बलुतं' नसतं, 'अक्करमाशी' नसते, 'आयदान' तर नसतंच नसतं. का नसतं, असं विचारलं की उत्तर तयार असतं : ती आत्मकथनं आहेत हो, कादंबऱ्या नाहीत.

एका चर्चासत्रात तर एका प्राध्यापक महाशयांनी याच्याही पुढची मजल मारली. दलित आत्मकथनांत दुःख आहे, पण व्यक्तीचा विकास नाही, असं त्यांचं म्हणणं. नायक पहिल्या पानावर जिथे असतो तिथेच शेवटच्या पानावर असतो, फक्त पोट भरलेलं असतं. सभागृहात दोन-चार जण हसले, बाकीच्यांनी माना डोलावल्या.

मला या वाक्याचा प्रतिवाद करायचा आहे. एखाद्या प्राध्यापकाची फजिती करण्यात मला रस नाही. पण माणूस मोठा होतो म्हणजे नेमकं काय होतं, या प्रश्नाचं उत्तर जो ठरवतो, तोच कोणाला माणूस मानायचं हेही ठरवत असतो. म्हणून हा वाद साहित्याच्या चार भिंतींत सोडून देता येत नाही.

आधी ही मोजपट्टी आली कुठून ते बघू. जर्मनीत १७९५-९६ साली गटे या लेखकाची 'विल्हेल्म माइस्टर' ही कादंबरी आली. व्यापाऱ्याचा मुलगा घर सोडतो, नाटक मंडळीत भटकतो, प्रेमात पडतो, चुकतो, आणि शेवटी शहाणा होऊन समाजात आपली जागा घेतो. पुढे या तऱ्हेच्या कादंबरीला जर्मन समीक्षकांनी 'बिल्डुंग्सरोमान' असं नाव दिलं आणि तो साचा जगभर गेला. साचा असा : तरुण बाहेर पडतो, ठेचा खातो, स्वतःशी आणि समाजाशी समेट करतो. या समेटालाच परिपक्वता म्हणायचं.

या साच्यात एक अट दडलेली आहे. समाजाने त्या तरुणासाठी एक खुर्ची राखून ठेवलेली असली पाहिजे. तो उशिरा येईल, रुसेल, खुर्चीला लाथ मारेल, पण खुर्ची त्याची आहे. खुर्चीच नसेल तर समेट कोणाशी करायचा?

डिकन्सचा 'डेव्हिड कॉपरफील्ड' घ्या. १८४९-५० मधली ही कादंबरी. बापाविना वाढलेला डेव्हिड सावत्र बापाच्या वखारीत बाटल्या धुतो. गरिबीची ही वर्णनं वाचून आपल्याला वाटतं, हा आपलाच. पण नीट वाचा. डेव्हिडचं मोठं दुःख हे आहे की, भल्या घरातला मुलगा असून आपण या कामगारांच्या पोरांत येऊन पडलो. त्याच्यासोबत मिक वॉकर आणि 'मीली पोटॅटोज' या टोपणनावाचा एक पोरगा काम करतात. डेव्हिड वखारीतून पळतो, आत्या त्याला पदरात घेते, तो शिकतो, लेखक होतो. मिक आणि मीली कुठे गेले? कादंबरी त्यांच्याकडे परत फिरकत नाही. ती पोरं वाढली की मेली, याच्याशी तिला कर्तव्य नाही. एकाच्या मोठं होण्यासाठी दोघांचा पायरीसारखा वापर झाला आणि पायरी मागे राहिली.

आता आपल्याकडे या. 'श्यामची आई' १९३५ साली प्रसिद्ध झाली. त्यात एक प्रसंग आहे. एका म्हातारीची मोळी खाली पडली आहे. म्हातारी महार. तिला हात लावायला कोणी तयार नाही. आई श्यामला सांगते, जा, तिला मोळी उचलून दे, आणि कोणी बोललं तर घरी जाऊन आंघोळ करणार आहे असं सांग. पिढ्यान्‌पिढ्या मराठी वाचक या प्रसंगाने गहिवरला आहे. साने गुरुजींच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून या माणसाने प्राण पणाला लावून उपोषण केलं, तो इतिहास आहे.

पण प्रसंग म्हातारीच्या बाजूने वाचून बघा. श्याम एक धडा शिकला. आई थोर ठरली. वाचकाचे डोळे पाणावले. म्हातारी मोळी घेऊन चालायला लागली आणि तिला उचलून देणारा पोरगा तिच्या स्पर्शाचा विटाळ धुवायला घरी गेला. त्या म्हातारीला नातू असेल. त्याने हे लांबून पाहिलं असेल. त्याच्या मनात त्या दिवशी काय वाढलं असेल? त्याच्या वाढीची कादंबरी कुठे आहे?

ती कादंबरी लिहिली गेली आहे, मित्रांनो. पण तिला कादंबरी म्हणायचं नाही, असं ठरवलं गेलं आहे.

१९६३ हे साल लक्षात ठेवा. या एकाच वर्षी मराठीत दोन पुस्तकं आली. एक भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' आणि दुसरं बाबुराव बागुल यांचं 'जेव्हा मी जात चोरली होती'. 'कोसला'तला पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला येतो. वसतिगृह, मेस, गॅदरिंग, वडिलांचे पैसे, नापास होणं, सगळ्याचा कंटाळा येणं, आणि शेवटी गावी परतणं. बहीण मनी मरते ती पानं आजही वाचताना गलबलून येतं. 'कोसला'ने मराठी गद्याची भाषा बदलली हे मी नाकारत नाही, नाकारायचं कारणही नाही.

बागुलांच्या शीर्षककथेतला तरुणही घर सोडून बाहेर पडलेला आहे. त्याला रेल्वेत नोकरी लागली आहे. परक्या गावात राहायला खोली हवी, म्हणून तो जात सांगत नाही. तो कवी आहे, त्याच्या कवितेमुळे लोक त्याला मानही देतात. मग जात कळते. ज्या हातांनी नमस्कार केला तेच हात त्याला बडवतात. आणि त्याला वाचवायला धावतो तो जात न लपवता छाती काढून वावरणारा दुसरा दलित कामगार.

दोघेही तरुण आणि शिकलेले. दोघांचाही जगाशी खटका उडालेला. पांडुरंगाला जगणं निरर्थक वाटतं. बागुलांच्या तरुणाला निरर्थक वाटून घ्यायला सवडच नाही, कारण त्याचा प्रश्न आज रात्री कुठे झोपायचं हा आहे. पांडुरंग हरून परततो तेव्हा गावात घर आहे, शेती आहे, भांडायला का होईना पण ऐपतदार बाप आहे. हरणं परवडण्यासाठीही मागे काहीतरी असावं लागतं. बागुलांचा तरुण हरला तर त्याच्यामागे काय आहे? गावकुसाबाहेरची झोपडी आणि येसकरकी.

मग सांगा, या दोघांत मोठं कोण होतं? पांडुरंग त्याच्या अलिप्ततेपाशी पोचतो. बागुलांचा तरुण मार खाता खाता समजून घेतो की मारणारा हात एका माणसाचा नाही, हजारो वर्षांच्या व्यवस्थेचा आहे. माझ्या मते हे समजणं म्हणजे विकास, आणि तो चांगलाच खोल विकास आहे. पण मराठी समीक्षेने एकाला अस्तित्वाचा प्रश्न म्हटलं आणि दुसऱ्याला सामाजिक प्रश्न. जणू जातीने पोळलेल्याला अस्तित्वच नसतं!

इथे समाजशास्त्रातला एक साधा मुद्दा मांडतो. मूल मोठं होताना समाजाचे नियम शिकतं आणि ते आपलेच आहेत असं मानायला लागतं. याला सामाजीकरण म्हणतात. सवर्ण घरात हे शिकणं म्हणजे हक्क शिकणं : इथे बस, हे तुझं, असं बोल. अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरात हेच शिकणं म्हणजे पायरी शिकणं : इथे बसू नको, त्याला शिवू नको, पाटील दिसला की बाजूला हो. पहिल्या मुलाने हे सगळं नीट आत्मसात केलं तर तो परिपक्व. दुसऱ्याने नीट आत्मसात केलं तर तो गुलाम. म्हणून दलित मुलाची वाढ उलट्या दिशेने होते. त्याला शिकलेलं विसरावं लागतं. समाजाशी समेट करणं ही त्याची परिपक्वता असूच शकत नाही. त्याची परिपक्वता नकारातून सुरू होते.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण बाबासाहेबांनीच लिहून ठेवलं आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या लेखनात १९०१ सालचा प्रसंग आहे. भीमराव, भाऊ आणि भाचे अशी लहान मुलं नवे कपडे घालून साताऱ्याहून वडिलांना भेटायला कोरेगावला निघतात. मसूर स्टेशनवर उतरतात. न्यायला कोणी आलेलं नाही. स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करतो आणि मुलं महार आहेत हे कळताच त्याचा चेहरा पालटतो. बैलगाडीवाला दुप्पट भाड्याला कबूल होतो, पण गाडी मुलांनीच हाकायची, तो बाजूने पायी चालणार. जवळ जेवण आहे, पण प्यायला पाणी नाही. रात्र उपाशी काढावी लागते.

यातली महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. बाबासाहेब म्हणतात की अस्पृश्यता त्यांना तोवर माहीत नव्हती असं नाही. शाळेत वेगळं बसणं, घरून गोणपाट नेणं, शिपायाने नळ उघडल्याशिवाय पाणी न मिळणं हे रोजचं होतं. पण ते सवयीचं होतं. या प्रवासाने त्यांना पहिल्यांदा विचार करायला लावला. सवयीचं होतं ते प्रश्न झालं. मी याला भानावर येणं म्हणतो. नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या मनात झालेला हा बदल ज्याला विकास वाटत नाही, त्याने विकास या शब्दाचा अर्थ पुन्हा तपासावा.

आणि परदेशात शिकून, पदव्या घेऊन बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाल्यावर काय झालं? राहायला जागा नाही, पारशी धर्मशाळेत जात लपवून राहावं लागलं आणि लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढलं. गटेच्या साच्याप्रमाणे इथे नायकाला समाजात जागा मिळायला हवी होती. प्रवास झाला, शिक्षण झालं, कष्ट झाले, पण खुर्ची नाही. तेव्हा त्या नायकाने स्वतःसाठी खुर्ची मागितली नाही. खुर्च्यांची मांडणीच बदलायला घेतली. १९२७ चं महाड, १९५० ची राज्यघटना, १९५६ ची दीक्षा, ही त्या वाढीची पुढची प्रकरणं आहेत.

'दलित आत्मकथनं सगळी सारखीच' या आक्षेपाला एकच उत्तर आहे : वाचा. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ चं. त्यात दगडू पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. म्हणजे एकच माणूस दोन झाला आहे. गावाचा आणि कावाखान्याचा दगडू एकीकडे, पांढरपेशा नोकरीतला लेखक दुसरीकडे. दोघांना एकमेकांची लाज वाटते, ओढही वाटते. मोठं होताना माणसाचे दोन तुकडे कसे होतात, हे मराठीत इतक्या नेमकेपणाने कितीशा कादंबऱ्यांत आलं आहे? आणि याला म्हणायचं दस्तऐवज!

शरणकुमार लिंबाळे यांची 'अक्करमाशी' १९८४ ची. आई महार, बाप पाटील, आजीसोबत राहणारा आजोबांच्या जागी असलेला माणूस मुसलमान. या पोराला शाळेत बापाचं नाव लावायचं आहे. प्रस्थापित कादंबरीतला तरुण 'मी कोण?' असा प्रश्न खिडकीशी बसून विचारतो. लिंबाळेंना तोच प्रश्न शाळेचा फॉर्म विचारतो, आणि उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कुमुद पावडे 'अंतःस्फोट'मध्ये वेगळीच गोष्ट सांगतात. संस्कृत घेऊन एम. ए. झालेली मुलगी नोकरीसाठी वणवण करते. नोकरी मिळते ती आंतरजातीय लग्नानंतर नवऱ्याचं आडनाव लागल्यावर. माहेरचं आडनाव लावणारी कुमुद बाहेरच राहिली, हे त्या स्वतः ओळखतात. यश मिळालं आणि त्याच क्षणी ते यश कोणाच्या नावावर जमा झालं हेही कळलं. इतकी कडवट परिपक्वता मला 'शाळा'त किंवा 'कोसला'त सापडली नाही.

बायकांच्या लेखनाने तर साचाच मोडला. बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये 'मी' फार कमी येते, 'आम्ही' जास्त. तिथे वयात येतो तो अख्खा समाज. बाबासाहेबांचं ऐकून बाया पोरांना शाळेत घालतात, मेलेलं ढोर ओढणं आणि खाणं सोडायचं ठरवतात. उर्मिला पवारांच्या 'आयदान'मध्ये (२००३) बांबूच्या टोपल्या विणणारी आई आहे. शाळेत मास्तर मुलीला शेण काढायला लावतो तेव्हा हीच आई रस्त्यात त्याला जाब विचारते. ती मुलगी पुढे शिकते, लिहिते, चळवळीत जाते, आणि तिला कळतं की बाहेर समतेची भाषा बोलणारा आपलाच नवरा घरात बायकोच्या शिकण्यावर नाराज आहे. ही लेखिका जातीविरुद्ध उभी राहते आणि आपल्या घरातल्या पुरुषसत्तेलाही सोडत नाही. आपल्या चळवळीतल्या पुरुषांनी हे पुस्तक दोनदा वाचावं. एकदा अभिमानाने आणि एकदा मान खाली घालून.

आता 'शाळा'बद्दल. आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद जोशी आणि त्याचं शिरोडकरवरचं प्रेम. सुंदर पुस्तक आहे, मुलांच्या घरच्या परिस्थितीतला फरकही बोकील टिपतात. वस्तीतल्या अभ्यासिकेत नववी-दहावीच्या मुलांसोबत आम्ही त्यातली काही प्रकरणं वाचली. मुलं खूप हसली, रंगून ऐकत होती. मग एका मुलीने विचारलं, "सर, याला घरी गेल्यावर पाणी भरायचं नसतं का?" तिला लेखकाची चूक काढायची नव्हती. ती स्वतःला त्या पुस्तकात शोधत होती आणि तिला जागा सापडत नव्हती. नागराज मंजुळेंच्या 'फँड्री'तला (२०१३) जब्याही शाळकरी आणि तोही प्रेमात. मुकुंदाला धास्ती असते ती प्रेम उघडं पडण्याची. जब्याला भीती असते ती जात उघडी पडण्याची, डुक्कर धरताना तिने पाहण्याची. त्याच मुलांना जेव्हा जब्याची गोष्ट सांगितली तेव्हा कोणी हसलं नाही.

आणि इथेच खरा धोका आहे. पुस्तकं, सिनेमे, शाळेतली भाषणं आपल्या मुलांना एकच कथा सांगतात : कष्ट कर, चुका सुधार, समाज तुला सामावून घेईल. मूल विश्वास ठेवतं. ते वसतिगृहात, विद्यापीठात, नोकरीत पोचतं आणि दारातच आडनाव विचारलं जातं. त्या वेळी ज्याच्याकडे फक्त गटेचा साचा आहे, तो म्हणतो, कमी मीच पडलो. १७ जानेवारी २०१६ ला रोहित वेमुला गेला. हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात संशोधन करणारा, ताऱ्यांवर लिहू पाहणारा पोरगा. तो वाढला नव्हता असं कोण म्हणेल? तो वाढला होता. त्याला सामावण्याइतकी ती संस्था वाढलेली नव्हती. हा फरक आपल्या प्रत्येक मुलाला सोळाव्या वर्षाच्या आत कळला पाहिजे. तो कळणं हा जिवाचा प्रश्न आहे.

जाता जाता आपल्यालाही आरसा. आजकाल आपल्या जयंतीच्या व्यासपीठांवर एक नवी कथा रंगते. झोपडीत जन्म, दिव्याखाली अभ्यास, मग क्लास वन अधिकारी, बंगला, गाडी. टाळ्या. अधिकारी जरूर व्हा. पण हीच जर आपली वाढीची कथा असेल तर आपण त्यांच्याच साच्यात आपलं नाव भरलं, दुसरं काही केलं नाही. १८ मार्च १९५६ ला आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाबद्दल जी वेदना बोलून दाखवली ती याचसाठी होती. एकटा वर चढला आणि वस्ती तिथेच राहिली, तर तो डेव्हिड कॉपरफील्ड झाला. मिक आणि मीली अजून वखारीत बाटल्या धूत आहेत.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. 'कोसला' जाळू नका, 'श्यामची आई' कपाटातून काढू नका. पण १९६३ ची दोन्ही पुस्तकं एकाच बाकावर ठेवून शिकवा. 'वाढत्या वयाचं साहित्य' असा पेपर असेल तर त्यात 'बलुतं', 'अक्करमाशी', 'आयदान' हवीतच, आणि दलित साहित्याच्या वेगळ्या पेपरात ढकलून मोकळं व्हायचं नाही. गावकुसाबाहेर वस्ती आणि अभ्यासक्रमाबाहेर पुस्तक, ही एकाच डोक्यातून निघालेली रचना आहे. आणि आपल्या अभ्यासिकांत, बुद्धविहारांत मुलांच्या हाती कोणतंही पुस्तक देताना तीन प्रश्नही द्या. हा नायक मोठा झाला तेव्हा त्याच्यासाठी जागा आधीच राखलेली होती का? त्याच्या वाढण्यात पायरी कोण झालं? आणि वर पोचल्यावर त्याने मागे वळून पाहिलं का?

तथागतांनी सांगितलं, स्वतःच स्वतःचा दीप व्हा. दिवा लागला की आधी आपलं घर दिसतं, मग शेजारचा अंधारही दिसायला लागतो. तो अंधार दिसूनही जो पुढे निघून जातो तो फक्त वयाने वाढला. जो थांबतो, तो भानावर आला.

जय भीम!